जुन्या घरांवरील ॲस्बेस्टॉसचे पत्रे : धोका नेमका कशात आणि खबरदारी कोणती

नवी दिल्ली : जुन्या घरावरील सिमेंटचा पत्रा अखंड आणि जागेवर असेपर्यंत घरातील माणसांना त्यापासून असलेला धोका अल्प असतो. तोच पत्रा कापला, फोडला, घासला किंवा उंचावरून खाली टाकला, की त्यातील डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. ॲस्बेस्टॉसविषयीची सारी खबरदारी या एका फरकावर आधारलेली आहे.

देशात अशी छपरे असलेली घरे नेमकी किती, याचा स्वतंत्र आकडा जनगणनेतूनही मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत लोखंडी, अन्य धातूचे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच वर्गात मोजण्यात आले होते. मात्र चाळी, वस्त्या, शाळा, गोदामे, गोठे आणि कौले उतरवून पत्रे चढविलेली घरे यांवर ही छपरे सर्रास दिसतात.

धोका कशामुळे?

ॲस्बेस्टॉस हे निसर्गात आढळणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही आणि सिमेंटला बळकटी देते. पत्र्यांत साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास पांढरे ॲस्बेस्टॉस, अर्थात क्रायसोटाइल असते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर रुततात आणि शरीर ते सहजासहजी बाहेर टाकू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवामध्ये कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. फुफ्फुसाचा, स्वरयंत्राचा व अंडाशयाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग आणि फुफ्फुस ताठर करणारा ॲस्बेस्टॉसिस हे विकार त्यामुळे होतात. लक्षणे दिसेपर्यंत अनेकदा २० ते ४० वर्षे जातात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी आलेल्या संपर्कामुळे जगभरात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कसे ओळखावे?

छपराखेरीज सांडपाण्याचे व पावसाच्या पाण्याचे जुने नळ, पाण्याच्या टाक्या, आडोशाच्या भिंतींचे तक्ते आणि बॉयलरभोवतीची उष्णतारोधक वेष्टने यांतही ॲस्बेस्टॉस असू शकते. वेष्टनासारखा ठिसूळ, हाताने चुरगळणारा माल सिमेंटमध्ये बद्ध असलेल्या पत्र्यापेक्षा अधिक घातक असतो. त्याला घरमालकाने हात लावूच नये. ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रेही बाजारात आहेत, पण दोन्ही दिसायला सारखेच असतात. खात्री केवळ प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक तपासणीतून होते. तोवर जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे, असे गृहीत धरणे श्रेयस्कर.

काय टाळावे?

पावसाळ्यापूर्वी शेवाळ काढण्यासाठी पत्रा तारेच्या ब्रशने खरवडणे किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे, डिश अँटेना वा सौर पॅनेलसाठी त्यात भोके पाडणे, विजेच्या कटरने तो कापणे या बाबी टाळाव्यात. फुटलेल्या तुकड्यांवर कोरडा झाडू फिरवू नये. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये, कारण सूक्ष्म तंतू त्यातून पुन्हा हवेत येतात.

हाच धोका वादळानंतर वाढतो. मे २०१९ मधील ‘फनी’ने ओडिशात, तर जून २०२० मधील ‘निसर्ग’ने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची छपरे उडविली. अशा वेळी मलबा उपसण्याची घाई असते. तरीही पत्र्यांचे तुकडे आधी भिजवावेत, मगच हलवावेत आणि मुलांना तेथून दूर ठेवावे.

पत्रे उतरवायचेच असतील तर

हे काम प्रशिक्षित व्यक्तींकडून करून घेणे उत्तम. काम सुरू करण्यापूर्वी घर रिकामे करून दारे-खिडक्या बंद कराव्यात. पत्र्यांवर थोडा साबण मिसळलेले पाणी हलकेच शिंपडावे आणि काम संपेपर्यंत ते ओले ठेवावेत. पत्र्याचे बोल्ट पान्याने सोडवावेत. गंजून अडकलेला बोल्ट कापावा, पत्रा नव्हे. पत्रे अखंड खाली उतरवावेत, फेकू नयेत.

रुमाल, कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मुखपट्टा या तंतूंना अडवू शकत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एफएफपी-३ दर्जाचा मुखपट्टा आवश्यक आहे. कामाचे कपडे झटकू नयेत. एकदाच वापरण्याचे कपडे कचऱ्यासोबत बांधावेत, इतर कपडे ओले करून वेगळे धुवावेत. जुना पत्रा ठिसूळ असतो, त्यावर पाय देताच तो मोडून माणूस खाली कोसळू शकतो. त्यामुळे वाशांवर आडव्या टाकलेल्या रुंद फळ्यांवरूनच वावरावे आणि सुरक्षा पट्टा बांधावा.

उतरविलेले पत्रे व तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून त्यावर ठळक सूचना लिहावी. कुंपण, गोठा किंवा रस्त्याची भर यांसाठी त्यांचा पुन्हा वापर करू नये.

विल्हेवाट आणि कायदा

युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. भारतात १९८६ मध्ये नवे खाणपट्टे देणे थांबविण्यात आले, परंतु आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे बनविणे सुरूच राहिले. टाकाऊ ॲस्बेस्टॉसच्या विल्हेवाटीसाठी भारतीय मानक ब्युरोने १९८६ मध्येच स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते. २०१६ च्या घातक कचरा नियमांमध्येही ॲस्बेस्टॉस उत्पादनातील कचऱ्याचा समावेश आहे. मात्र त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची उदाहरणे देताना बॅटऱ्या, औषधे, ट्यूबलाइट यांचा उल्लेख झाला, ॲस्बेस्टॉसचा नाही. परिणामी घराचे पत्रे बहुधा राडारोड्यातच जातात. ते सोपविण्यापूर्वी नगरपालिका किंवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्य नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत जपण्याचे आदेश दिले. घराच्या छपरावर रोजंदारीने चढणाऱ्या मजुराची अशी नोंद कोठेही होत नाही. त्यामुळे योग्य मुखपट्टे, फळ्या, प्लास्टिक आणि वाहतूक यांचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरणे आणि ठेकेदाराकडून तसे लेखी घेणे, ही जबाबदारी घरमालकावर येते.