हेलसिंकीचा पराजय व जकार्त्याचा जय : एका प्रवादाची परीक्षा

महजर, निवाडपत्रें व वंशावळी यांची संवय असलेल्या वाचकांपुढें आज आम्ही चेंडूचा विषय मांडीत आहों, याचें कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु रूढ प्रवादाची तारखांनीं परीक्षा करणें हें या त्रैमासिकाचें नित्यकर्मच होय.

प्रवाद असा : सन १९५२ च्या जुलै महिन्यांत हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत युगोस्लाव्हियानें भारतीय फुटबॉल संघाचा १०-१ असा पाडाव केला, आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते, पुढें बूट सक्तीचे झाले आणि त्यायोगें संघ सावरला. कथन सोपें आहे, आणि नेमकें तेंच आम्हांस खटकतें.

हेलसिंकीस जे शिक्षक संघाबरोबर होते, तेच सय्यद अब्दुल रहीम सन १९५६ त मेलबोर्नला व सन १९६२ त जकार्त्यालाही होते. याहून महत्त्वाचें असें कीं, हैदराबादच्या या शाळामास्तरांनीं तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें सन १९५० ते १९५४ ओळीनें पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. म्हणजे बुटांची सक्ती होण्यापूर्वींच त्यांची पद्धति फळास आलेली होती. राष्ट्रीय संघाच्या अंगीं ती मुरावयास मात्र वेळ लागला.

पद्धति पक्की शाळामास्तरी. कमजोर पायानेंच चेंडू मारावयाचा, असे खास सामने ते भरवीत. दुसरा प्रकार असा कीं, चेंडू पायाशीं खेळवीत राहण्यास मनाई. आला कीं सोबत्याकडे द्यावा. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. चेंडूस पाय लावल्याचें स्मरत नाहीं. पण ज्या विद्यार्थ्यास रूपें तोंडपाठ येतात त्यास अन्वय लावावयास बसविण्यांतील मर्म आम्ही ओळखतों.

मेलबोर्नला ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव झाला. मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझानें त्यांत तीन गोल केले. उपांत्य सामन्यांत पुन्हां युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल आपण केला. अखेर ४-१ अशी हार झाली. चौथ्या स्थानावर समाधान मानावें लागलें खरें, तथापि त्याच प्रतिपक्षाशीं चार वर्षांपूर्वींचे आंकडे ताडून पाहावे.

जकार्त्याच्या आशियाई सामन्यांचा आरंभच दक्षिण कोरियाकडून ०-२ अशा पराजयानें झाला. पुढें थायलंडशीं खेळतांना जर्नेलसिंग या भक्कम बचावपटूचें डोकें फुटून टांके पडले. दुसऱ्या कोणीं त्यास बसवून ठेविलें असतें. रहीम यांनीं त्यास आघाडीस नेलें! उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा जय मिळाला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजीं त्याच कोरियास २-१ असें नमवून सुवर्णपदक घेतलें. गोल प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांचे.

रहीम त्या वेळीं कर्करोगानें ग्रस्त होते; ११ जून १९६३ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

सन १९५० ते १९५४ च्या रोव्हर्स सामन्यांचीं छापील पत्रकें वा तिकिटें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तीं मंडळाच्या दप्तरीं द्यावींत. असे कागद रद्दींत जातांना आम्हीं पाहिले आहेत.