अजिनोमोटो, चायनीजची गाडी आणि आपली भीती

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीने हे वाक्य ऐकलंच असणार: "गाडीवरचं चायनीज खाऊ नकोस, त्यात अजिनोमोटो असतं!" माझी आईही हेच म्हणायची. ती पांढरी पावडर नेमकी काय, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मुळात ती चिनी नाहीच. १९०८ साली जपानमध्ये प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सुपातून ही चव वेगळी काढली. पुढच्याच वर्षी 'अजिनोमोटो' बाजारात आलं. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. यातलं ग्लुटामेट टोमॅटोत असतं, आईच्या दुधातही असतं.

मग बदनामी कुठून झाली? १९६८ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं: चायनीज हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, छाती धडधडते. कारण सोया सॉस असेल, वाइन असेल, मीठ असेल किंवा ही पावडर, असे नुसते अंदाज होते. पण 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हे नाव जगभर पसरलं. पुढे काय दिलंय हे न सांगता लोकांना खाऊ घालून चाचण्या झाल्या, त्यात ठाम संबंध सापडला नाही. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काहींना थोडा वेळ त्रास होऊ शकतो, एवढंच.

आणि आपलं चायनीज तर मुंबईकरच! चिकन मंचुरियनचं श्रेय जातं नेल्सन वाँग यांना, १९७५, चर्चगेटचा क्रिकेट क्लब. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली घरं बसली. आमच्या गल्लीत कुणी वडापावची गाडी लावली, कुणी पुढे चायनीजची. संशय मात्र चायनीजवाल्यावरच. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, त्यात शिशाबरोबर 'नो अ‍ॅडेड एमएसजी' या लेबलचाही वाद होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. मॅगी घरोघरी परत आली, गाडीवरचा डाग तसाच राहिला.

गाडीवर बघायचंच तर तेल कितीदा तापवलंय, रंग किती भडक आहे, पाणी कुठलं आहे ते बघा. बीपी असेल तर सॉस आणि मीठ जपून खा. पोट बिघडलं तर या गोष्टींनी बिघडेल. उगाच एका पावडरीच्या नावाने कष्टकरी माणसाचा धंदा बदनाम करू नका.

तुमच्या गल्लीत पहिली चायनीजची गाडी कधी लागली? आठवत असेल तर कमेंटमध्ये सांगा.