लोणार विवरातील खडकांचे आघातजन्य चुंबकीय बदल

अशनीच्या आघाताने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील बेसाल्ट खडकांच्या मूळ चुंबकत्वात जे फेरफार झाले, त्यांना लोणार विवरातील खडकांचे आघातजन्य चुंबकीय बदल असे म्हणतात. पृथ्वीवर बेसाल्टात घडलेली आघातविवरे फार थोडी आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचा मोठा भाग मात्र याच जातीच्या खडकाचा आहे. त्यामुळे तेथील खडकांचे चुंबकत्व कसे वाचावे, हे ठरवताना लोणारचा आधार घेतला जातो.

मूळ चुंबकत्व

दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून बनला. लोणारच्या पश्चिमेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असलेल्या अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर परिसरातील खडक, तसेच अंबरनाथच्या इ.स. १०६० च्या शिवमंदिराचा पाषाण, याच कुळातला आहे. या खडकात मॅग्नेटाइट व टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट यांचे सूक्ष्म कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सियसच्या खाली निवू लागले की त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठते. टायटॅनियम जितके अधिक, तितके हे तापमान कमी. अशा रीतीने टिकलेल्या चुंबकत्वास अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. लाव्हा निवाला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि दख्खनच्या बऱ्याच थरांत ही दिशा आजच्या उलट आढळते. म्हणूनच खडकातील जुने चुंबकत्व आणि नंतर चढलेले चुंबकत्व वेगळे ओळखता येते.

आघाताचा परिणाम

आघात तरंग खडकातून क्षणार्धात जातो, पण त्याचा दाब प्रचंड असतो. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. काही गिगापास्कल दाबालाच चुंबकीय कणांतील व्यवस्था विस्कटू लागते आणि अवशिष्ट चुंबकत्वाचा काही भाग पुसला जातो. त्यासाठी खडक तापावाच लागतो असे नाही. त्या क्षणी बाहेर चुंबकीय क्षेत्र असेल, तर त्या क्षेत्राच्या दिशेने नवे चुंबकत्व बसूही शकते. कणांना तडे जातात, स्फटिकरचनेत दोष निर्माण होतात. त्यामुळे आघातानंतर खडकात उरलेले किंवा पुढे त्याने धारण केलेले चुंबकत्व पुसण्यास पूर्वीपेक्षा प्रबळ विरुद्ध क्षेत्र लागते. जो भाग वितळून पुन्हा गोठतो, त्याची जुनी नोंद पूर्ण नष्ट होते व तो नव्याने चुंबकित होतो.

लोणार येथील निष्कर्ष

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी येथील खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे तीव्र दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार, आढळल्याचे दाखवले आणि ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला. विवराच्या वयाचे अंदाज मात्र काही दहा हजार वर्षांपासून सुमारे ५.७ लाख वर्षांपर्यंत पसरलेले आहेत.

कॅरिन लौझाडा व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. विवराच्या काठावरील व बाहेर फेकल्या गेलेल्या खडकांत त्यांना चुंबकत्वाचे दोन घटक आढळले. टिकाऊ घटक दख्खनच्या लाव्हाच्या काळचा निघाला. सहज पुसला जाणारा घटक बहुतांशी आघातानंतर भूचुंबकीय क्षेत्रात राहून हळूहळू चढलेला होता. आघाताच्या क्षणी बसलेल्या वेगळ्या चुंबकत्वाची स्पष्ट खूण मिळाली नाही. थोडक्यात, एवढ्या आघातानंतरही त्या खडकांची कोट्यवधी वर्षांची जुनी नोंद टिकून राहिली होती.

सौमित्र मिश्रा, एन. बसवय्या व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दुसरी वाट घेतली. खडक निरनिराळ्या दिशांना किती सहज चुंबकित होतो, हे मोजून त्यांनी अशनी पूर्वेकडून तिरप्या मार्गाने आला असावा असे मांडले.

चंद्र व मंगळ

मंगळावरील हेलास व आर्गायर या विशाल आघातखोऱ्यांवर कवचाचे चुंबकत्व जवळजवळ आढळत नाही, असे मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने दाखवले. त्या आघातांनी जुने चुंबकत्व पुसले आणि नवे बसवण्यास ग्रहाचे क्षेत्र उरले नव्हते, असा त्याचा प्रचलित अर्थ लावला जातो. मंगळाच्या खडकांतील पायरोटाइट हे लोह-गंधकी खनिज तर सुमारे २.८ गिगापास्कल दाबालाच चुंबकत्व गमावते. चंद्राबाबत प्रश्न वेगळा आहे. तेथील खडकांना चंद्राच्या प्राचीन क्षेत्राने चुंबकित केले, की आघातातून उठलेल्या विद्युतभारित वायूच्या क्षणिक क्षेत्राने? लोणारला अशा क्षणिक क्षेत्राचा माग लागला नाही. तथापि लोणार हे लहान विवर आहे; शेकडो किलोमीटर व्यासाच्या खोऱ्यांविषयी त्यावरून निर्णय देणे घाईचे ठरेल.

स्थानिक समजूत व नमुने

विवराजवळच्या अंबर तळ्याकाठी मोठा मारुती म्हणून ओळखली जाणारी मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याचे सांगितले जाते. सुई विचलित होण्याने दगड अशनीचा ठरत नाही. साध्या बेसाल्टातही मॅग्नेटाइट असते, आणि वीज पडल्यास उघडा खडक आघाताशिवायही तीव्र चुंबकित होतो. म्हणूनच अभ्यासक दगड हलवण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा व उतार यांची खूण करतात. २०२० पासून रामसर स्थळ असलेल्या या परिसरातून कुणी आठवण म्हणून उचलून नेलेल्या खड्यात चुंबकत्व तसेच राहते, पण ते कोणत्या दिशेचे होते हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.