विद्यासंस्थांचा कारभार : एक उपेक्षित शास्त्र

विद्यालय स्थापणे व ते चालविणे या दोन निराळ्या विद्या होत. दुसरीचा पाया अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात १८९३ साली स्टॅन्ली हॉल यांनी उच्च शिक्षणावर अभ्यासक्रम काढून घातला. आपल्याकडे जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापिली. १९७६ मध्ये ती पुण्यास आली. दिल्लीत युनेस्कोने १९६२ साली काढलेल्या केंद्रातून वाढलेल्या संस्थेस २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. शैक्षणिक प्रशासनात तेथे पीएच्.डी. करता येते.

आपण ज्ञातिबांधव वसतिगृहांस, शाळांस सढळ हाताने देणग्या देतो. कारभारी निवडताना मात्र वय व मान यांकडेच पाहण्याची रीत आहे. देणगीने इमारत उभी राहते. संस्था टिकते ती जाणत्या कारभारानेच. मंडळाच्या शिष्यवृत्तीतून एक तरी पदवीधर या अध्ययनास धाडावा, अशी आमची विनंती आहे.