रांजणगावचा पैसा आणि पाबळची शाळा

सप्टेंबर 2022 आठवतोय? तळेगावला येणार अशी चर्चा असलेला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला गेला आणि महाराष्ट्रभर राजकीय धुरळा उडाला. तो खाली बसायच्या आत, 31 ऑक्टोबरला, केंद्राने शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर जाहीर केले. जागा 297 एकर, खर्च सुमारे 493 कोटी, त्यात केंद्राचे जवळपास 208 कोटी. पाच हजारांवर नोकऱ्या मिळतील, असा अंदाज.

इथे चिप बनणार नव्हती. हा पैसा रस्ते, पाणी, वीज अशा सोयींसाठी होता आणि पहिली मोठी कंपनी फ्रिज बनवणारी. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने वेदांताची साथ सोडली. ज्या कारखान्यावरून आपण भांडलो, तो गुजरातमध्येही उभा राहिला नाही.

कवठे येमाई याच शिरूर तालुक्यातले. तिथल्या आयटीआय झालेल्या पोराचा प्रश्न साधा आहे: यात माझा नंबर लागेल का? सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे राज्याचे धोरण सांगते. पण त्यातला ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. शेजारच्या गावाला त्यात वेगळा हक्क नाही.

चिपसाठी सरकारी पैसा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मोहालीच्या सरकारी कारखान्यात 1984 पासून चिप बनू लागल्या. 1989 मध्ये तिथे मोठी आग लागली. सावरायला वर्षे गेली आणि तोवर जग पुढे निघून गेले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने पुन्हा 76,000 कोटींची योजना आणली.

तैवाननेही सरकारी पैशावरच सुरुवात केली. मात्र 1976 मध्ये त्यांनी आपले तरुण इंजिनिअर अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत शिकायला पाठवले. ती माणसे परतली, त्यांनी सरकारी संशोधन संस्थेत चिप बनवून पाहिल्या. टीएसएमसी निघाली ती 1987 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. आधी शिकणे, मग कारखाना.

हा धडा घ्यायला तैवानपर्यंत जायची गरज नाही. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले. शाळा सुटलेल्या पोरांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हे सगळे प्रत्यक्ष काम करत शिकवले. 2002 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. सर्किट बनवण्याची साधने या तालुक्यात पोचली, तेव्हा रांजणगावच्या क्लस्टरचे नावही नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी कोटींचा आकडा मोबाइलवर झळकला, की दोन प्रश्न विचारा. यातले किती रुपये शिकवण्यावर खर्च होणार? आणि नोकऱ्या मोजताना कायम किती, कंत्राटी किती, तालुक्यातल्या किती, हे कोण सांगणार? पाच हजार हा अंदाज जाहीर झाला, तशी ही मोजणीही दरवर्षी जाहीर व्हायला हवी. कवठ्याच्या पोराला निदान कळेल, कशाची तयारी करायची ते.