मिकाएल यान द खूये
अरबी, हिब्रू, सिरियाक आदी परस्परसंबद्ध भाषांच्या, म्हणजेच सेमिटिक भाषाकुळाच्या, अभ्यासातील डच पंडित द खूये यांचा जन्म १८३६ मध्ये झाला. नेदरलँड्समधील लायडन येथे अरबीचे अभ्यासक डोझी यांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि पुढे तेथेच अरबीचे प्राध्यापक झालेल्या या संशोधकाने हस्तलिखिते ताडून पाहत अरब भूगोलकारांचे ग्रंथ १८७० ते १८९४ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतील इस्तख्री व इब्न हौकल हे दहाव्या शतकातील लेखक सोपारा आणि सैमूर, म्हणजे चौल, ही बंदरे ज्या ‘बल्हरा’च्या राज्यात सांगतात, तो राष्ट्रकूट राजा होय; आजच्या बीड जिल्ह्याचा प्रदेशही तेव्हा त्याच्याच सत्तेखाली असल्याने मराठवाड्याच्या अभ्यासकाला ताम्रपटांच्या जोडीला हे खंड चाळल्यावाचून गत्यंतर नाही. अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी याच्या प्रचंड इतिहासग्रंथाचे संपादनही त्यांच्याच नेतृत्वाखाली पार पडले. १७ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले.