चांदी आणि धूळ

एका जुन्या वनस्पती सर्वेक्षणाच्या कृष्णधवल निगेटिव्ह आमच्या कपाटातून निघाल्या, तेव्हा काही फितींना व्हिनेगरसारखा वास येत होता. फिल्मचा पाया असलेले सेल्युलोज ॲसिटेट विघटित होऊ लागले की असा वास येतो. थांबायला वेळ नव्हता. अडगळीत निकॉनचा १९९८ सालचा कूलस्कॅन एलएस-२००० हा फिल्म स्कॅनर होता, तोच पुसून घेतला.

संगणकात चित्र उतरवण्याची कथा याहून बरीच जुनी. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो फिरत्या दंडगोलावर लावून संगणकाला वाचायला दिला. त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे सुमारे ३१ हजार बिंदू होते. आमचा स्कॅनर दर इंचाला २७०० बिंदू टिपतो; २४ बाय ३६ मिलिमीटरच्या एका चौकटीचे जवळजवळ ९८ लाख बिंदू होतात. एवढ्या बारकाईने पाहिले की धुळीचा कणही दगडाएवढा दिसतो!

यावरचा उपाय मोठा हुशारीचा आहे. स्कॅनरमध्ये तापणाऱ्या दिव्याऐवजी लाल, हिरवे आणि निळे प्रकाशउत्सर्जक डायोड आहेत. त्यांच्या जोडीला चौथा डायोड अवरक्त किरणांचा. रंगीत फिल्म धुताना तिच्यातील चांदी काढून टाकली जाते आणि फक्त रंगद्रव्ये उरतात. त्यांतून अवरक्त किरण जवळपास बिनअडथळा पार होतात. धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. म्हणजे चौथ्या प्रकाशात चित्र नाहीसे होते आणि धुळीचा नकाशा तेवढा उरतो. संगणक त्या जागा शेजारच्या बिंदूंवरून भरून काढतो.

आम्ही ही सोय चालू ठेवून चाळीसेक चौकटी उतरवल्या. पडद्यावर लहान आकारात त्या स्वच्छ दिसल्या. मोठ्या करून पाहिल्यावर पानांवरची लव गायब! जाती ओळखायला नेमकी तीच हवी होती. कारण उघड होते, आणि ते आम्हांला आधी सुचायला हवे होते. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांचीच असते. ते कणही अवरक्त किरण अडवतात, आणि यंत्राने त्यांनाच धूळ समजून पुसले होते. वास येणाऱ्या फिती टाकून देण्यासाठी वेगळ्या काढल्या होत्या. टाकल्या नव्हत्या, हे नशीब. (कोडाक्रोम स्लाइडच्या बाबतीतही ही सोय धोक्याची ठरते.)

मग सोय बंद केली आणि मऊ ब्रशने हातानेच धूळ झटकली. फीत आपोआप आत ओढणाऱ्या अडॅप्टरमध्ये वाकलेल्या फिती अडकत. त्यांच्यासाठी फिल्म दोन्ही बाजूंनी चापून सपाट धरणारा होल्डर बरा पडला. यंत्र ठणठणीत होते, पण त्याची स्कझी जोडणी आजच्या संगणकावर मिळत नाही. स्कझी कार्ड असलेला जुना संगणक त्यासाठी राखून ठेवावा लागला. निकॉनची मूळ प्रणाली विंडोज व्हिस्टापाशीच थांबली आहे. व्ह्यूस्कॅनसारख्या प्रणाली अजूनही हे यंत्र चालवतात.

त्या चाळीस चौकटी पुन्हा उतरवल्या. लव दिसते आहे, थोडी धूळही.